पन्नास वर्षं बर्फाखाली राहिलेलं पी-३८ पुन्हा उडायला आणखी दहा वर्षं का लागली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात ग्रीनलंडच्या बर्फावर उतरलेलं एक पी-३८ लढाऊ विमान १९९२ मध्ये बर्फाखालून बाहेर काढलं आणि २००२ मध्ये ते उडालं. बर्फात म्हणजे फ्रीजमध्येच होतं की ते, मग दुरुस्तीला दहा वर्षं कशाला हवीत? आणि इतकं सगळं बदलल्यावर ते मूळचं विमान म्हणायचं का?

माझं आयुष्य विमानांच्या स्ट्रक्चर दुरुस्तीत गेलं. पत्रा, रिवेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे), गंज, भेगा. त्यामुळे उत्तर त्याच अंगानं देतो. या विमानाचं जे काही नुकसान झालं त्यातलं फारच थोडं त्या उतरण्यानं झालं. बरंचसं नुकसान ते कुठे आणि कसं पडून राहिलं त्यामुळे झालं, आणि युद्धात हरवलेलं कुठलंही विमान सापडल्यावर पहिल्यांदा तेच बघायचं असतं. थंडीनं गंज थोपवला हे खरं, पण बर्फाला वजन असतं आणि प्रश्नात नेमकं तेच सुटलंय.

आधी ते विमान तिथे गेलं कसं ते सांगतो. १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिका आपली लढाऊ विमानं ब्रिटनला उडवतच नेत होती. जहाजावर लादली तर जर्मन पाणबुड्यांची भीती, म्हणून अमेरिकेतलं मेन, कॅनडातलं लॅब्राडॉर, मग ग्रीनलंड, आइसलँड असे टप्पे घेत जायचं. या मोहिमेचं नाव बोलेरो. १५ जुलै १९४२ ला सहा पी-३८ लाइटनिंग आणि वाट दाखवायला दोन बी-१७ बॉम्बर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तळावरून आइसलँडकडे निघाली. पुढे हवामान इतकं बिघडलं की परतावं लागलं. परतीच्या वाटेवरही ढग, तळांविषयी रेडिओवर येणारी माहिती गोंधळाची, आणि इंधन संपत आलेलं. शेवटी आठही विमानं ग्रीनलंडच्या आग्नेय भागात बर्फाच्या पठारावर उतरवायची ठरली.

पहिला उतरला ब्रॅड मॅकमॅनस. त्यानं चाकं खाली घेतली होती. बर्फ वरून टणक दिसत होता, पण नाकाचं चाक आत रुतलं आणि विमान उलटं झालं. तो वाचला. ते बघून बाकीच्यांनी चाकं आत ठेवूनच विमानं पोटावर घसरवली. हॅरी स्मिथ जे विमान चालवत होता, ते पुढे 'ग्लेशियर गर्ल' म्हणून ओळखलं गेलं. आठ विमानांत मिळून पंचवीस माणसं होती आणि पंचवीसच्या पंचवीस जिवंत परतली. वरून विमानांनी सामान टाकलं, मग कुत्र्यांची घसरगाडी घेऊन बचाव तुकडी पोचली आणि सगळे किनाऱ्यापर्यंत चालत गेले. विमानं तिथेच राहिली. त्या काळी कारखान्यांतून रोज नवी विमानं निघत होती, ही आठ परत आणायला कोण जाणार?

१९८० च्या सुमारास अटलांटातल्या पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर या दोघांनी ठरवलं की आपण जायचं. त्यांची कल्पना साधी होती. शेपट्या बर्फावर दिसत असतील, बर्फ झटकायचा, इंधन भरायचं आणि उडवत घरी आणायची. १९८१ मध्ये ते तिथे पोचले तर डोळ्यांना काहीही दिसेना. ग्रीनलंडच्या त्या कोपऱ्यात बर्फवृष्टी प्रचंड होते. पन्नास वर्षांत विमानावर २६८ फूट बर्फ चढला, म्हणजे सरासरी वर्षाला पाच फुटांहून जास्त. शिवाय बर्फाचं पठार जागचं हलत असतं. विमानं खाली जाता जाता दोन-तीन मैल सरकलीही होती. म्हणजे जुन्या नकाशावर बोट ठेवून खणायला सुरुवात केली असती तर हाती काहीच लागलं नसतं.

नेमकी जागा १९८८ मध्ये मिळाली, बर्फाच्या आत बघणाऱ्या रडारनं. रडार नुसतं 'खाली काहीतरी आहे' एवढंच सांगतं. म्हणून मग वाफेच्या नळीनं बर्फात बारीक भोक पाडत नेलं, आणि नळी टणक वस्तूवर आदळली तेव्हा खात्री झाली. विमान नेमकं कुठलं हे तरीही कळलं नव्हतं.

१९९० मध्ये ते पहिल्यांदा पोचले ते एका बी-१७ पाशी, 'बिग स्टूप' नावाच्या. आणि ते चेपलेलं निघालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

ढोबळ हिशोब करा. वरचा थर भुसभुशीत, खालचा घट्ट. सरासरी घनता पाण्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास धरली तर ८० मीटर जाडीच्या थराचं वजन दर चौरस मीटरवर पन्नास टनांच्या वर जातं. जो भाग भरीव आहे, किंवा ज्याच्या आतही बर्फ शिरलाय, त्याला हा दाब सगळीकडून येतो आणि तो भाग टिकतो. पोकळ भागाच्या आतून मात्र टेकू नाही. बॉम्बरचं धड म्हणजे मोठी पोकळी: पातळ पत्रा, आत थोड्या थोड्या अंतरावर कड्या आणि लांबीला पट्ट्या. हे बांधकाम हवेतल्या भारासाठी केलेलं असतं, बाहेरून दाबून चिरडणाऱ्या भारासाठी नाही. रिकाम्या तेलाच्या डब्यावर पाय दिल्यावर त्याचं जे होतं तेच त्या धडाचं झालं.

पी-३८ ची रचना वेगळी आहे. त्याला दोन सडपातळ शेपूटदांडे आहेत, आम्ही हॅंगरात त्याला बूमच म्हणतो. प्रत्येक बूमच्या पुढच्या टोकाला एक अॅलिसन इंजिन. मधे वैमानिकाची छोटी कुपी, तिच्या नाकात एक २० मिलिमीटरची तोफ आणि चार अर्ध्या इंची, म्हणजे पॉइंट फाइव्हच्या मशीनगन. हे सगळं ज्याला जोडलेलं आहे तो मधला पंख म्हणजे विमानाचा कणा, त्यात दणकट स्पार, म्हणजे पंखाचा भार उचलणारी मुख्य तुळई. पोकळ्या लहान, बांधणी घट्ट. म्हणून एप्स आणि मंडळींनी बॉम्बरचा नाद सोडला आणि लढाऊ विमानाकडे वळले, ते अगदी बरोबर केलं. पुढे जे काही झालं ते या एका निर्णयामुळे झालं असं मला वाटतं. कौतुक मात्र सगळं त्या भोक पाडणाऱ्या यंत्राचं होतं.

ते यंत्रही कौतुकाचंच होतं म्हणा. त्याला 'गोफर' म्हणायचे. धातूचा मोठा शंकू, त्याभोवती तांब्याच्या नळीचे वेढे, नळीतून गरम पाणी फिरतंय. शंकू साखळीनं टांगायचा आणि स्वतःच्या वजनानं हळूहळू बर्फ वितळवत खाली जाऊ द्यायचा. वेग तासाला साधारण दोन फूट. खाली जमलेलं पाणी पंपानं उपसत राहायचं. चार फूट रुंदीची विहीर झाली. तळाशी पोचल्यावर माणूस उतरून गरम पाण्याच्या पाइपनं विमानाभोवतीचा बर्फ वितळवत एक गुहा करत गेला. त्या गुहेत, ओल्या अंगानं, दिव्याच्या उजेडात, विमानाचे भाग सोडवले गेले. १९९२ च्या या मोहिमेला पैसा केंटकीतल्या मिडल्सबरोच्या रॉय शॉफनर यांनी पुरवला. शेवटचा आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे मधला पंख, तीन टनांच्या आसपास. तो १ ऑगस्ट १९९२ ला वर आला, त्यासाठी विहीर रुंद करावी लागली.

आता तुमच्या दहा वर्षांकडे येतो.

पोटावर उतरताना प्रोपेलर वाकले, खालचा पत्रा घासला. हे डोळ्याला दिसतं म्हणून लोकांना तेच मोठं वाटतं, पण दुरुस्तीच्या दृष्टीनं ते सरळ काम आहे. पत्रा काढा, नवा लावा. त्यापेक्षा जास्त काळजी फिरता प्रोपेलर एकदम अडल्यावर इंजिनातल्या क्रँकशाफ्टला (मुख्य फिरत्या दांड्याला) काय झालं याची. कुठल्याही विमानात हे घडलं की इंजिन उघडून तपासल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही, मग ते बाहेरून कितीही ठणठणीत दिसो.

खरं डोकं खातं ते बर्फानं दाबून केलेलं नुकसान, कारण ते लपलेलं असतं. पत्रा दबला की आतली रिब, म्हणजे पत्र्याला आकार देणारी फासळी, वाकते. रिब वाकली की रिवेटांची भोकं लांबट होतात. वरून ठोकून पत्रा सपाट केला की फोटोत विमान छान दिसतं, पण त्या लांबट भोकांतले रिवेट भार घेत नाहीत. मग तो सगळा भाग सोडवावा लागतो. ग्लेशियर गर्लचं अगदी असंच झालं: उघडत गेले तसं नुकसान अंदाजापेक्षा जास्त निघत गेलं. प्रकल्प सांभाळणारे बॉब कार्डिन आणि त्यांच्या माणसांनी ते जवळजवळ सुटं करून पुन्हा बांधलं.

सुटं करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला कळत नाही. रिवेटच्या डोक्याच्या मधोमध पंच मारायचा, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करायचं, डोकं उडवायचं आणि दांडी मागून टेकू देऊन बाहेर काढायची. ड्रिल जरा तिरकं गेलं की भोक मोठं झालं. भोक मोठं झालं की पुढच्या मापाचा रिवेट, आणि भोकापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर अपुरं पडलं तर तो भागच बाद. असे हजारो रिवेट. शिवाय जुना भाग फेकायचा नाही, कारण नवा करायला नमुना तोच. एक बाजू चेपलेली असेल तर दुसऱ्या बाजूच्या जोडीदारावरून माप घ्यायचं. पी-३८ बऱ्यापैकी सममित असल्यामुळे ही सोय मिळते. दोन्ही बाजू चेपल्या असतील तर जुनी रेखाचित्रं शोधत बसा.

आणि सुटं करण्याआधी बांधकामाला जिगमध्ये, म्हणजे आकार जागेवर पक्का ठेवणाऱ्या साच्यात, धरावं लागतं. पंखाच्या मधल्या भागातून एकदम बरेच रिवेट काढले की तो स्वतःच्याच वजनानं पीळ घेतो. एकदा पीळ बसला आणि तसंच रिवेटिंग झालं की ते विमान जन्मभर एका बाजूला ओढणार.

गंजाचं बोलायचं तर थंडीनं मदत केली, यात वाद नाही. जवळपास मीठ नाही, हवा खेळती नाही, तापमान कायम कमी. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत प्रवासी विमानांचं काय होतं ते मी बघितलंय. गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटच्या खालचे फ्लोअर बीम, म्हणजे जमिनीखालच्या तुळया, उघडल्या की पांढरी भुकटी बाहेर पडते, आणि तीही रोज देखभाल होणाऱ्या विमानात. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत गंज आतून थराथरानं पत्रा सोलवत जातो. बाहेरून खूण एकच: दोन रिवेटांच्या मधला पत्रा किंचित फुगतो. डोळ्याला चटकन दिसत नाही. टॉर्च आडवा धरून बघायचं, बोट फिरवायचं.

पण बर्फातून काढलेल्या विमानाला एक वेगळा धोका असतो. आत असताना जे थांबलेलं होतं ते बाहेर आल्यावर सुरू होतं. दोन पत्र्यांच्या जोडात, अॅल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी बोल्टाभोवती, मॅग्नेशियमच्या भागांत पाणी अडकलेलं असतं. विमान वितळून गरम हवेत आलं की तिथे वेगवेगळ्या धातूंमध्ये गंजाची क्रिया जोरात चालते. त्यामुळे वर आल्यावर पहिले काही आठवडे घाईचे असतात. सोडवा, धुवा, वाळवा, तेल लावा, नोंद करा. पॉलिश वगैरे खूप नंतर.

त्यानंतर तपासणी. आपल्याकडेही हीच रीत आहे. भाग साफ करून त्यावर लाल डाय लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. स्पारच्या फिटिंगवर अशी रेघ दिसली की चर्चा संपली, भाग बाद. पोलादी भागांना चुंबकीय कणांची चाचणी, पृष्ठभागावरच्या किंवा त्याच्या लगतच्या बारीक भेगांना एडी करंट, म्हणजे धातूत विजेचा प्रवाह निर्माण करून भेग शोधणारी चाचणी. रबर, होसपाइप, सील, वायरी यांच्याबाबतीत विचारच करायचा नाही, सगळं नवं. ग्लेशियर गर्लवर अशा प्रकारे काम झालं आणि २६ ऑक्टोबर २००२ ला स्टीव्ह हिंटन यांनी ते मिडल्सबरोत हजारो लोकांसमोर उडवलं. मला तर दहा वर्षं कमीच वाटतात.

जाता जाता: फ्रीज आमच्या धंद्यात लागतोच, पण वेगळ्या कारणासाठी. काही मजबूत मिश्रधातूंचे रिवेट भट्टीतून काढून लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण साध्या हवेत ते आपोआप कडक होत जातात. बाहेर काढले की पंधरा-वीस मिनिटांत ठोकायचे. उशीर झाला तर ठोकताना डोक्याला चिरा जातात. त्या काळातही ही पद्धत होती. एकदा ठोकून कडक झालेल्या रिवेटला मात्र पुढे पन्नास वर्षं थंडी मिळाली काय आणि न मिळाली काय, मजबुतीत काही फरक नाही.

आता 'मूळचंच विमान का' हा प्रश्न. ग्लेशियर गर्लमध्ये सुमारे ८० टक्के भाग मूळचे आहेत असं सांगितलं जातं. बर्फातून काढलेल्या विमानासाठी हा आकडा फार मोठा आहे. त्याच्या शेजारी स्पिटफायर पी९३७४ हे ब्रिटिश लढाऊ विमान ठेवून बघा. २४ मे १९४० ला पीटर कॅझेनोव्ह यांनी ते फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरवलं. पुढे वाळूनं गिळलं, १९८० मध्ये ते वर दिसू लागलं, २०११ मध्ये उडालं आणि २०१५ मध्ये लिलावात ३० लाख पौंडांच्या वर किमतीला गेलं. पण खारी वाळू आणि भरतीचं पाणी चाळीस वर्षं खाऊन उरलेल्या पत्र्यावर कोण उडणार? उडतं ते बहुतांशी नवं बांधलेलं विमान, मूळच्या ओळखीभोवती उभं केलेलं. कायद्यानं ते पी९३७४ आहे. माझ्या हिशोबात मात्र दोन्ही एका रांगेत बसत नाहीत. ज्याचा स्पार जुना त्याला मी जुनं विमान म्हणतो. हा माझा हट्ट समजा, पण भार कोण उचलतंय हे बघायची सवय लागली की टक्केवारीच्या वादात रस राहत नाही.

नुसत्या पाच आठवड्यांत सापडलेलं विमान कसं असतं याचंही उदाहरण आहे. ४ जून १९४२ ला अॅल्यूशन बेटांत डच हार्बरवर हल्ला करून परतताना तादायोशी कोगा या जपानी वैमानिकाच्या झिरो विमानाची तेलाची नळी फुटली. त्यानं अकुतान बेटावर हिरवळ बघून चाकं खाली घेतली. ती हिरवळ म्हणजे दलदल होती. विमान उलटलं आणि कोगा जागीच गेला. मॅकमॅनसची चूक आणि ही चूक एकच, फक्त नशीब वेगळं. सोबतच्या वैमानिकांना विमान नष्ट करायचे आदेश होते, पण तो जिवंत असेल या शंकेनं त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. १० जुलैला अमेरिकन गस्ती विमानाला ते दिसलं, सप्टेंबरात ते सॅन डिएगोवरून उडत होतं. जास्त वेगात त्याचे एलेरॉन (पंखांवरच्या, विमान एका बाजूला कलवणाऱ्या हलत्या फळ्या) जड होतात आणि नाक एकदम खाली दाबलं की इंजिन अडखळतं, हे त्यातून कळलं आणि ते लगेच लढणाऱ्या वैमानिकांपर्यंत पोचलं. दलदलीनं पडण्याचा धक्का झेलला आणि गंजायला वेळच मिळाला नाही, म्हणून तीन महिन्यांत काम झालं. १९४५ मध्ये जमिनीवरच दुसऱ्या विमानाच्या प्रोपेलरनं ते कापलं गेलं.

वाळवंटाबद्दल पण लोक हमखास विचारतात, कारण इजिप्तमधल्या किटीहॉक या लढाऊ विमानाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. २८ जून १९४२ ला सार्जंट डेनिस कॉपिंग ते विमान दुरुस्तीला घेऊन जाताना वाट चुकले. २०१२ मध्ये ते पश्चिम वाळवंटात सापडलं. पत्रा आश्चर्य वाटावं इतका शाबूत होता, कारण कोरडी हवा. कॉपिंग मात्र सापडले नाहीत. नंतर ते अल अलामेनच्या संग्रहालयात नेलं आणि त्यावर असा रंग फासला की जाणकारांनी डोक्याला हात लावला. विमानाचं सत्तर वर्षांत जे झालं नाही ते त्या रंगानं झालं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मूळच्या रंगाच्या खुणा एकदा पुसल्या की त्या परत आणता येत नाहीत.

ग्लेशियर गर्लनं २००७ मध्ये अडलेला प्रवास पुरा करायचा प्रयत्न केला. न्यू जर्सीहून ब्रिटनला निघालं, कॅनडातल्या गूज बेपर्यंत गेलं आणि तिथे इंजिनाच्या कूलंटला गळती लागली. मोहीम तिथेच थांबवली. ते योग्यच केलं. द्रवानं थंड होणाऱ्या इंजिनाला गळती लागली असताना अटलांटिकवर जाणारा माणूस शूर नसतो.

त्याच तुकडीतलं आणखी एक पी-३८, 'एको', २०१८ मध्ये ड्रोनला लावलेल्या रडारनं सापडलं आहे, ३०० फुटांहून खोल. ते बाहेर आलंच तर मी आधी मधल्या पंखाचा स्पार आणि त्याला बूम जिथे जोडलेत ते सांधे बघेन. तिथला पत्रा सरळ असेल आणि भोकं गोल असतील तर उडवायची भाषा करता येईल. नाहीतर ते संग्रहालयात आहे तसंच ठेवावं, चेपलेल्या पत्र्यासकट.